सिंथच घ्या ना मग!

बर्‍याच शनिवार-रविवारांनी लिहितोय. मधे दिवाळीला सेलूला जाऊन आलो आणि येताना डोक्यात एक भांडण घेऊन आलो. ते कुठेतरी ओतल्याशिवाय सोमवारी कामात लक्ष लागणार नाही, म्हणून हा प्रपंच. गिटार, पेडल, लग्नाची वरात यांत ज्यांना काडीचाही रस नाही त्यांनी या आठवड्यापुरती रजा घ्यावी, राग नाही.

तर झालं असं. मी गेल्या वर्षी एक पेडल घेतलं. गिटारची वायर त्यात घालायची, पुढे अ‍ॅम्प्लिफायर लावायचा, पायाने खटका दाबला की गिटारमधून सिंथेसायझरचा आवाज येतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मला ना जाहिरात करायचीय ना तक्रार. सकाळी सेलू स्टेशनवर उतरलो तेव्हा पाठीवर गिटार होती आणि बॅगेत फराळासाठी आणलेल्या काजूकतलीच्या डब्याशेजारी हा डबा. दुपारी जेवणं झाल्यावर वाजवून दाखवलं. आमचा चुलत भाऊ परभणीच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला.

"दादा, सिंथचाच आवाज पाहिजे तर सिंथच घे ना मग! हे म्हणजे म्हशीला चुना लावून गाय म्हणून बाजारात उभी करणं झालं."

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप येईना, कारण हे वाक्य त्याचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते मीच म्हटलं होतं, आणि म्हटलं होतं ते एका अशा माणसाला की ज्याचं पोट त्यावर अवलंबून होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बेंजोवाले राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. तीस वर्षं तेच काम: परण्या, वरात, गणपती, दुर्गादेवी, आंबेडकर जयंती. (परण्या म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघतो तो. पुण्यातल्या मित्रांना दर वेळी समजावून सांगावं लागतं.) पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आणखी एक खुलासा. आपल्याकडचा बेंजो म्हणजे अमेरिकेतला तो गोल, ढोलक्यासारखा बँजो नव्हे. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लांबट लाकडी खोकं, त्यावर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. हे वाद्य मूळचं जपानी. नागोया शहरात १९१२ साली तैशोगोतो नावाने ते तयार झालं, त्यातही टाइपरायटरचीच युक्ती होती. तिथून ते हिंदुस्थानात आलं, बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप लागला, भोंगा लागला आणि ते थेट आमच्या मोंढ्यातल्या लग्नात येऊन पोचलं. २०१६ साली रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाही काढला. रितेश देशमुख होता त्यात. पण सिनेमा निघाला म्हणून कुणाची सुपारी वाढली असं काही मास्तरांच्या बोलण्यात कधी आलं नाही.

तर दोन वर्षांपूर्वी मास्तरांकडे गिटारचा एक जुनापुराणा इफेक्ट्सचा डबा होता. बेंजोची वायर ते त्यात घालत आणि त्यातून पुंगीसारखे, शिट्टीसारखे, कधी कॅसिओसारखे (आमच्याकडे कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात) आवाज काढत. एका लग्नात मी ते ऐकलं. तेव्हा मी नुकताच गिटारमधला शहाणा झालो होतो. म्हणजे वाजवता येत नव्हतं, पण इंटरनेटवरचे वाद वाचून 'खरा टोन' कशाला म्हणतात ते पाठ झालं होतं. मी मास्तरांना म्हणालो, "मास्तर, हे काय खोट्या आवाजाचं घेऊन बसलात? त्यापेक्षा सरळ कॅसिओच घ्या की."

पुण्याचा इंजिनिअर सांगतोय म्हटल्यावर मास्तरांनी ऐकलं. तो डबा विकला, वर पैसे घातले, सेकंडहँड कीबोर्ड घेतला. एक लग्नसराई त्यावर काढली. हात बसला नाही. तीस वर्षं नखी धरलेल्या उजव्या हाताला आता नुसती बटणं दाबायची होती. लोकही म्हणू लागले, कॅसिओच ऐकायचा तर मग डीजेच सांगू ना. पुढच्या सीझनला मास्तर पुन्हा बेंजोवर आले, पण डबा गेलेला. नुसता बेंजो भोंग्यावर ऐकायला किनरा लागतो, पोरं नाचत नाहीत. दाट तिथीच्या दिवशीही मास्तर घरी असतात असं आई म्हणाली, तेव्हा माझ्या घशात करंजी अडकली.

माझ्यामुळे एका माणसाचा धंदा बसला असा आव आणत नाही. डीजे माझ्यामुळे आला नाही. पण जाणार्‍याला एक धक्का मीही दिला, एवढं खरं. आणि दिला तो एका वाक्याच्या जोरावर. म्हणून त्या वाक्याचा आज हिशोब करायचाय.

आधी तांत्रिक भाग, कारण 'खोटा आवाज' म्हणणार्‍या दहातल्या नऊ जणांना त्या डब्यात काय चालतं ते माहीत नसतं. (मलाही नव्हतं.)

तार छेडली की पिकअपमधून विजेची एक लाट निघते. सुरुवातीला मोठी, मग विरत जाणारी. सिंथमधे तार नसते. आत ऑसिलेटर असतो, तो बटण दाबलं असेपर्यंत एकाच जोराने लाट काढत बसतो. ती लाट फिल्टरमधून जाते, काही सूर कापले जातात, काही उठावदार होतात, आणि आवाजाला आकार येतो. आता तारेचा आवाज सिंथसारखा करायचा तर आजवर तीन वाटा झाल्या.

पहिली वाट सर्वांत जुनी आणि मला सर्वांत आवडणारी. लाट इतकी वाढवायची की तिचे शेंडे-बुडखे कापले जाऊन ती चौकोनी व्हावी. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तो फ्लिप-फ्लॉप लावायचा. तो दर कंपनाला एकदाच पलटी मारतो, त्यामुळे कंपनसंख्या निम्मी होते आणि एक सप्तक खालचा सूर मिळतो. शेवटी एक फिल्टर, जो प्रत्येक छेडीला उघडतो नि मिटतो. अमेरिकेतल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने १९७० च्या दशकाच्या अखेरीला काढलेला 'मायक्रो सिंथेसायझर' असाच चालतो. नावात सिंथेसायझर आहे खरं, पण आत ऑसिलेटर नाहीच! जे ऐकू येतं ते तुमच्या तारेचंच, फक्त कापून, दुमडून, रंगवून.

दुसरी वाट रोलँडची. १९७७ साली त्यांनी जीआर-५०० काढला, १९८० साली जीआर-३००. गिटारच्या सहा तारांना सहा वेगळे पिकअप, प्रत्येक तारेचा सूर ओळखायचा आणि त्याबरहुकूम आतला सिंथ वाजवायचा. पॅट मेथिनीने जीआर-३०० इतका वाजवला की तो आवाज त्याचाच म्हणून ओळखला जातो. तो ना गिटारसारखा ना कुठल्या कीबोर्डसारखा, लोक त्याला ट्रम्पेटची उपमा देतात.

तिसरी वाट अलीकडची. बॉसचा एसवाय-३०० (२०१५) आणि छोटा एसवाय-१ (२०१९), किंवा इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा सिंथ९ (२०१७). यांना खास पिकअप लागत नाही, साधी गिटारची वायर पुरते. आतला प्रोसेसर येणार्‍या लाटेवर तिथल्या तिथे गणित करतो.

या सगळ्यांतला जुना शत्रू म्हणजे उशीर. यंत्राने सूर ओळखून मग वाजवायचं असेल तर निदान एक-दोन कंपनं पुरी होईपर्यंत थांबावं लागतं. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद, दोनाला २४. हा उशीर बोटांना कळतो, जुन्या गिटार-सिंथ वाजवणार्‍यांचा निम्मा जन्म त्यावर कुरकुरण्यात गेला. पण बेंजो वाजतो मधल्या आणि वरच्या सप्तकात. सेकंदाला २६० कंपनांचा सूर धरला तर दोन कंपनांना आठ मिलिसेकंदही लागत नाहीत. आणि त्या २४ मिलिसेकंदांचं म्हणाल, तर तेवढ्या वेळात आवाज हवेतून आठ मीटर जातो. परण्यात मास्तरांच्या गाडीपासून ताशेवाला त्याहून लांब चालत असतो! तीस वर्षं ही माणसं उशिरासकट एकमेकांचा ताल सांभाळत आलीत, त्यांना मिलिसेकंदाची भीती काय घालता?

असो. तंत्र झालं, आता मुद्द्यावर येतो. आरोप असा की हे पेडल नक्कल करतं. मी म्हणतो, करतं. पुढे?

कुठल्याही परण्यात हमखास वाजणारी एक चीज सांगा. बरोबर, नागीण! तोंडात रुमाल धरून एक जण पुंगी होतो, दुसरा कोट-बूट घालून धुळीत लोळतो. ती धून १९५४ च्या 'नागिन' सिनेमातली, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली ती पुंगी ऐकून म्हणे आजवर कित्येकांनी थिएटरात पाय वर घेतले. पण ती पुंगी नाहीच! ते क्लाव्हियोलिन नावाचं इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे. १९४७ च्या सुमाराला फ्रान्समधे कॉन्स्टंट मार्टिन यांनी बनवलेलं. सिनेमात ते वाजवलं कल्याणजींनी, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजींतले कल्याणजी, आणि जोडीला रवी यांची हार्मोनियम.

आता साखळी बघा. गारुडी पुंगी वाजवतो. फ्रेंच यंत्र मुंबईत पुंगीची नक्कल करतं. ब्रास बँडमधला क्लॅरिनेट त्या यंत्राची नक्कल करतो. सेलूतला बेंजो, जो मुळात जपानी, त्या क्लॅरिनेटची नक्कल करतो. आणि त्या बेंजोला लावलेला डबा परत क्लाव्हियोलिनची नक्कल करायला जातो. यातला नेमका कुठला आवाज 'खरा', आणि नाचणार्‍या मामांना तो कधी विचारावासा वाटला? सापाचं तर काही विचारूच नका, तो पुंगीच्या हलण्यामागे डोलतो, सुरामागे नव्हे.

दुसरं उदाहरण याच्या बरोबर उलट दिशेचं. मुंबईच्या सिनेसंगीतात चरणजित सिंग नावाचे वादक होते, मुळात गिटारवाले. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रं (ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३) घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड निघाली, कुणी फारशी घेतली नाही. २०१० साली परदेशातल्या एका छोट्या कंपनीने ती पुन्हा काढली तेव्हा तिकडच्या लोकांची बोटं तोंडात गेली, कारण शिकागोत 'अ‍ॅसिड हाउस' म्हणून जो प्रकार पुढे गाजला त्याच्यासारखं काहीतरी या माणसाने आधीच करून ठेवलं होतं. चरणजित सिंग २०१५ साली गेले, निदान हे कौतुक ऐकून गेले.

पण मला सांगायचंय ते टीबी-३०३ बद्दल. हे यंत्र कशासाठी बनवलं होतं? एकट्या गिटारवाल्याला साथ म्हणून बेस गिटारची नक्कल करायला! नक्कल इतकी भिकार होती की यंत्र खपेना, १९८४ पर्यंत कंपनीने ते बंद केलं. मग शिकागोतल्या पोरांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं, त्याच्या चाव्या भलत्याच पिळल्या आणि त्यातून जे निघालं त्यावर दुनिया नाचली. बेस गिटारसारखं वाजत नाही म्हणून जे हिणवलं गेलं, ते कशासारखंच वाजत नाही म्हणून अमर झालं. म्हणजे सिंथने गिटारची नक्कल केली तर तो इतिहास, आणि गिटारने सिंथची केली की ती म्हैस? हा कुठला न्याय?

तिसरं उदाहरण घरचं. आपल्या मराठी माणसाच्या देवघराइतकी पवित्र गोष्ट म्हणजे नाट्यसंगीत. त्यात गाण्यामागे भरून राहिलेला तो आवाज ऑर्गनचा, साहेबाच्या चर्चमधल्या पायपेटीचा. आणि हार्मोनियम? तिला मींड येत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींना धरून नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दारात उभं केलं ते १९७१ पर्यंत आत घेतलं नाही. एकतीस वर्षं! आज भजनी मंडळात पेटी नसेल तर लोक विचारतात, पेटीमास्तर आजारी आहेत का? तेव्हाच्या शुद्धतावाद्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं बरं का. पेटीला मींड खरंच येत नाही. फक्त ते गैरलागू होतं. लोकांना मींड हवी होती तेव्हा त्यांनी ती गळ्यातून घेतली, आणि पेटीकडून पेटी देते ते घेतलं.

आता 'सिंथच घ्या ना' याचं सरळ उत्तर देतो.

आमच्या धंद्यात फंक्शन म्हणून एक प्रकार असतो. आत काहीतरी घालायचं, बाहेर काहीतरी येतं. पेडल हे फंक्शन आहे. कीबोर्डही फंक्शनच. दोघांतून बाहेर येणारा आवाज समजा अगदी सारखा असला, तरी आत काय जातं ते सारखं नाही. साध्या कीबोर्डला तुम्ही दोनच गोष्टी सांगू शकता: कुठलं बटण दाबलं आणि किती जोरात. त्यानंतर बोट नुसतं ठेवून बसायचं. (महागड्या कीबोर्डांना दाब कळतो, मान्य. ते सेलूत कुणाकडे असेल तर मला कळवा, मी बघायला येतो.) तारेचं तसं नाही. नखी तिरकी लागली की आडवी, घोडीजवळ लागली की मधे, एकदा मारली की थरथर धरली, तळहाताने दाबली की मोकळी सोडली, हे सगळं त्या लाटेत असतं आणि पेडलला ते सगळं गिळावं लागतं. काही पचतं, काही बाहेर पडतं. आणि जे पचत नाही ना, तेच ऐकण्यासारखं असतं.

हे मला दिवाळीत दिसलं. पाडव्याच्या संध्याकाळी पेडल घेऊन मी मास्तरांकडे गेलो. अपराधी वाटत होतं, पण तसं म्हणालो नाही. मास्तरांनी डबा उलटासुलटा करून बघितला.

"बापू, हे कामून आणलं? ह्याच्यात कॅसिओ बसवलाय का?"

"नाही मास्तर. तुमचाच बेंजो लावायचा. बघा तरी."

आधी आवाज थरथरायला लागला. बेंजोच्या तारा जोडीने एकाच सुरात लावतात, पण दोन तारा कधी अगदी तंतोतंत जुळत नाहीत, आणि डब्याला तो किंचित फरक झेपत नव्हता. मी चाव्या फिरवत बसलो, मेनू नीट करत बसलो, खास इंजिनिअरसारखा. मास्तरांनी काय केलं? एक तार सैल करून बाजूला सारली. थरथर बंद. बिघाड सॉफ्टवेअरमधे शोधत बसलेल्या माझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलंही नाही.

मग त्यांनी वाजवलं. आवाज सिंथचा होता, जाड, फिल्टर उघडत-मिटत जाणारा. पण त्यांची ती नखीची सलग थरथर, सूर लांबवायला बेंजोवाले वापरतात ती, तिच्या प्रत्येक ठोक्याला फिल्टर थोडा थोडा उघडत होता. कुठल्याही कीबोर्डवर, कुठल्याही सिनेमात मी तो आवाज ऐकलेला नाही. पुंगी नव्हती, सिंथ नव्हता, बेंजोही नव्हता. अंगणात किल्ला मोडत बसलेली दोन पोरं न सांगता नाचायला लागली. चुलत भाऊ मागून आला होता, तो गप्प उभा होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मास्तर, हा कुठला प्रीसेट?" मास्तर म्हणाले, "आवाज कोणाचा का असंना गा. हात तर माझाच हाय की."

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर प्रतिक्रियांमधे तुम्ही मला सोलाल. एक, ही पेडल हुबेहूब नक्कल करत नाहीत. ज्याला रेकॉर्डिंगमधे नेमका ज्युपिटर-८ चाच आवाज हवाय त्याने कीबोर्डवालाच बोलवावा. दोन, सगळ्या तारा एकदम झोडल्या की पुष्कळदा खिचडी होते. तीन, डबा घेतला की रियाज करावा लागत नाही असं समजणारे गिटारवाले पुण्यात पैशाला पासरी आहेत, त्यांतला एक हे लिहितोय. आणि चार, कंपन्या स्वतःच हा घोळ वाढवतात. सिंथ९ मधल्या आवाजांची नावं बघा: 'ओबीएक्स', 'प्रॉफिट व्ही', 'मिनी मूड'. ओबरहाइम ओबी-एक्स, प्रॉफेट-५ आणि मिनीमूग या तीन नामांकित सिंथांच्या नावाशेजारून हळूच अंग चोरून गेलेली! डबाच जर ओरडून सांगत असेल की मी अमक्याची झेरॉक्स आहे, तर लोक झेरॉक्स म्हणूनच तपासणार. कंपन्यांनी त्यापेक्षा ही आवाजं आपापल्या नावाने विकावीत. माल चांगला आहे, उसनी पाटी कशाला?

पण या चारही गोष्टी मान्य करूनसुद्धा मूळ आरोप उभा राहत नाही. आणि तो नुसता चुकीचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. तो चुकीच्या माणसावर केला जातो, हे माझं दुखणं आहे.

आपण मास्तरांना विचारतो, आवाज खरा आहे का? आणि हे विचारून झालं की खोट्याला नको म्हणून कुणाला आणतो? डीजेला. म्हणजे ट्रॅक्टरवर रचलेली भोंग्यांची भिंत आणि एक पेन ड्राइव्ह. मिक्सिंग ही मोठी कला आहे, हे मला माहीत आहे. ती करणारे डीजे जगात आहेत, त्यांना नमस्कार. आपल्याकडे परण्यात येतो तो डीजे गाणं लावतो आणि मोबाइल बघतो. पोरं दमली काय, नवरदेवाची आजी पारावर टेकली काय, गाणं आपलं चालूच. बेंजोवाला बघत असतो. कोण नाचायलंय, कोण पैसे ओवाळायलंय, वळणावर म्हातारी माणसं आहेत, ठेका जरा उतरवा. ज्या फंक्शनला इनपुटच नाही त्याला आमच्यात कॉन्स्टंट म्हणतात. काहीही झालं तरी उत्तर तेच. खर्‍या-खोट्याची एवढीच चाड असेल तर तो प्रश्न आधी त्या पेन ड्राइव्हला विचारा.

आवाजाच्या पातळीचंही बोलून टाकतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. बेंजो पार्टी भोंग्यांसकट या मर्यादेत बसते असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोला. पण भोंगा बंद झाला तरी बेंजो आणि ताशा वाजतच राहतात. डीजेची वायर काढली की उरतो तो ट्रॅक्टर.

तर भाऊबीजेच्या दिवशी घरात बैठक बसली. चुलत बहिणीचं लग्न ठरलंय, वरपक्ष गावातलाच, परण्याचं आमच्याकडे लागलं. काका म्हणाले, डीजेच सांगू, आवाज छातीत बसला पाहिजे, चार लोकांत शोभलं पाहिजे. मी वर लिहिलेलं सगळं बोललो, थोडं कमी शिस्तीत. क्लाव्हियोलिनपर्यंत आलो तेव्हा काकू उठून चहा टाकायला गेल्या. काका म्हणाले, "तू इंजिनिअर का वकील रे?" शेवटी माझ्या भाषणाने काहीच झालं नाही. झालं ते चुलत भावाने. तो म्हणाला, "काका, मी ऐकलंय. मास्तरांना सांगा. मी कॅसिओ घेऊन त्यांच्या गाडीवर बसतो, भरणा मी करतो."

काकांनी मास्तरांना विसार दिला. पेडल मी तिथेच ठेवून आलो. मास्तर फुकट घ्यायला तयार नव्हते, सीझन झाल्यावर बघू म्हणालो. त्यांनी सीझन झाल्यावरची तारीख विचारून घेतली. चुकीच्या सल्ल्याची ही भरपाई म्हणाल तर नाही, गेलेल्या तिथी काही परत येत नाहीत.

माझं मागणं एवढंच. तुमच्या घरात लग्न निघालं असेल आणि गावात अजून बेंजो पार्टी असेल, तर डीजेला विसार देण्याआधी एकदा जाऊन ऐका. त्यांच्या पायाशी वायरा लावलेला एखादा डबा दिसला तर 'कॅसिओच घ्या की' म्हणू नका. एक मी म्हणून बसलोय, तेवढं पुरे.

मंगळवारी रिलीज आहे, आता थांबतो. पेडलशिवाय नुसती गिटार किती किनरी लागते ते या आठवड्यात घरच्यांना कळलं, मलाही.